आईबाबांना घेऊन पहिल्यांदा टोकियोला जाताना काय काळजी घ्यावी?

नोव्हेंबरमध्ये सत्तरीच्या आईबाबांना घेऊन पाच दिवस टोकियोला यायचंय, दोघंही शाकाहारी आहेत, तर राहायचं कुठे, फिरायचं कसं आणि खायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी टोकियोतच राहते आणि भारतातून आलेल्या ज्येष्ठांना घेऊन इथे बरंच फिरले आहे, त्या अनुभवावरून सांगते.

टोकियोत दमवतात ती स्टेशनं. एकट्या शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर एक्झिट आहेत. चुकीच्या एक्झिटने बाहेर पडलात, तर जिने चढउतार करून योग्य बाजूला यायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, पण गुडघे दुखत असतील तर आईचं पुढच्या ठिकाणी लक्षच लागणार नाही. म्हणून कुठे जायचं हे ठरवताना तिथल्या एक्झिटचा नंबरही आदल्या रात्रीच बघून ठेवा. गूगल मॅप्सवर तो दिसतो आणि स्टेशनात पिवळ्या पाट्यांवरही असतो. लिफ्ट मात्र प्रत्येक एक्झिटला नसते. मेट्रोच्या फलाटावर एक तक्ता लावलेला असतो, त्यात पुढच्या प्रत्येक स्टेशनवर कितव्या डब्यासमोर लिफ्ट आहे आणि कितव्यासमोर सरकता जिना, ते दाखवलेलं असतं. गाडी येण्याआधी त्या डब्याच्या जागेवर जाऊन उभे राहा. एवढं केलंत तरी निम्मी दमछाक वाचेल.

राहायला शिंजुकूपेक्षा उएनो हा भाग बरा. नारिता विमानतळावरून स्कायलाइनर गाडी पाऊण तासात थेट उएनोला आणते, सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही. यामानोते ही गोल फिरणारी लाइन तिथूनच जाते, आणि असाकुसा हा जुना, मंदिराचा भाग मेट्रोच्या गिंझा लाइनने अगदी जवळ. प्रत्येकाला स्वतंत्र सुइका कार्ड (पैसे भरून गेटवर टेकवायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, एका कार्डावर तिघांना गेटमधून जाता येत नाही. सकाळी साडेनऊच्या आधी गाडीत चढूच नका. ती गर्दी आपल्या लोकलची आठवण करून देते, फक्त सगळे गप्प असतात.

आता जेवण. खरी अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशापासून केलेलं पाणी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन आणि सोबा या नूडल्स, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. दुकानातला उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, निर्धोक दिसतो, पण त्यातही कधी कधी माशाचा अर्क निघतो. लेबलचा फोटो काढून भाषांतर करून बघा. नोव्हेंबरात सुपरमार्केटमध्ये गरम भाजलेलं रताळं मिळतं. ते आईबाबांना नक्की आवडेल आणि त्यात शंकेला जागाच नाही. टोकियो स्टेशनात जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गेटच्या आत ‘टीज तानतान’ नावाचं रामेनचं, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचं, दुकान आहे, तिथे पूर्ण शाकाहारी रामेन मिळतो. उएनोला लागून असलेल्या ओकाचिमाचीत जवाहिऱ्यांचा बाजार आहे, तिथे शाकाहारी भारतीय जेवण मिळतं. वरणभाताची फारच आठवण झाली तर तोझाई लाइनने निशी-कासाईला जा. तो एदोगावा भाग. भारतीयांची मोठी वस्ती तिथे आहे, आणि आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले.

असाकुसाचं सेन्सोजी मंदिर सगळेच बघतात. तिथून थोडं चालून गेलं की मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे, तिथेही आईबाबांना जरूर न्या. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपल्या गणपतीचंच जपानी बौद्ध रूप. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, आणि नैवेद्याला मोदक नाही, पांढरा मुळा वाहतात. मुळा तिथेच विकत मिळतो. मंदिर छोट्या टेकडीवर आहे, पण वर जायला एक फुकटची छोटी गाडीही आहे, पायऱ्या टाळता येतात. माझ्या मते टोकियोत मराठी माणसाने बघावंच असं हे ठिकाण आहे. उंचावरून शहर बघायचं असेल तर शिंजुकूतल्या टोकियो महानगर सरकारच्या इमारतीचा ४५ वा मजला फुकट आहे. फक्त शिंजुकू स्टेशनवरून चालत जाऊ नका, ओएदो लाइनच्या तोचोमाए स्टेशनला उतरा, इमारत लगेच वरच आहे.

संध्याकाळी पाय बोलू लागले की टॅक्सी करा. मागचं दार आपोआप उघडतं, ओढू नका. रात्री दहानंतर भाडं वाढतं.

आणि औषधं निघण्यापूर्वीच तपासा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये आणायला बंदी आहे. कोडीन असलेल्या कफ सिरपवरही निर्बंध आहेत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या एक महिन्याच्या आत बसतील एवढ्याच, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता घरीच ठेवा. भाकरवडी आणि मेतकूट मात्र खुशाल आणा.