साल्हेरला कुठून चढायचं?

प्रश्न : आम्ही सिडकोतले पाच जण, दिवाळीनंतर साल्हेर करायचंय. रामशेज, अंजनेरी झालंय, मागच्या वर्षी हरिहर पण केला. यावेळी बाबा पण येतो म्हणतायत, वय ६१, रोज सकाळी गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर चालतात पण डावा गुडघा मधूनमधून कुरकुरतो. वाघांबेहून चढायचं की साल्हेरवाडीहून? मित्राचं म्हणणं एका बाजूने चढू दुसऱ्या बाजूने उतरू, म्हणजे अख्खा गड बघून होईल.
– एक वाचक, सिडको

उत्तर : बाबांना नेताय हे वाचून खरंच छान वाटलं, आणि म्हणूनच आधी हे सांगतो की वाट बाबांचा गुडघा बघून ठरवा, तुमची हौस बघून नाही. साल्हेर १५६७ मीटर आहे, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईनंतर त्याचाच नंबर. दोन्हीकडून दम निघतोच. पण चढताना फार तर धाप लागते, बसलं की जाते, गुडघा बोलतो तो उतरताना. त्यामुळे मी वाट निवडताना उतरायचं कुठून हे आधी बघतो.

माझं मत, वाघांबेहून चढा आणि वाघांबेलाच उतरा. एक तर या वाटेने पहिला मोठा टप्पा साल्हेर आणि सालोट्याच्या मधल्या खिंडीत येतो, आरामात गेलात तर दोनेक तास धरा. तिथे बसायचं, पाणी प्यायचं आणि बाबांना स्पष्ट विचारायचं, गुडघा कसा आहे. ठीक नसेल तर एकाने त्यांच्यासोबत खाली यायचं, आणि तो एक कोण हे नाशिकमध्येच ठरवून ठेवा, खिंडीत गेल्यावर कोणीच मागे वळायला तयार नसतं. खिंडीतून साल्हेरकडे वळलं की कातळातल्या पायऱ्या, दरवाजे, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, तिथे गुहा पण आहेत. पुढे माथ्याच्या पठारावर गंगासागर तलाव आणि रेणुकामातेचं देऊळ लागतं, आणि सगळ्यात वर परशुरामाचं छोटंसं मंदिर. सालोटा त्याच दिवशी नको, तो बाजूलाच दिसतो आणि मोह होतो पण नको.

दुसरं म्हणजे ज्या वाटेने चढलात ती पायाला माहीत झालेली असते, कुठली पायरी तुटकी, कुठे घसारा, कुठे बसून उतरावं लागेल. मित्राची आयडिया तुमच्यासारख्या तरण्यांसाठी मस्त आहे, साल्हेरवाडीकडचे दरवाजे बघण्यासारखेच आहेत, पण ते पुढच्या वेळी. आम्ही एकदा थोरल्या मामांना असंच घेऊन गेलो होतो, दुसऱ्या बाजूने उतरायला लागलो आणि अर्ध्यात त्यांचा गुडघा धरला, अनोळखी उतार, प्रत्येक पायरीला ते आधी काठी टेकवणार मग पाय मग थांबणार, सहा जणांत टॉर्च एकच, गावात पोचेपर्यंत पार अंधार. मामा एक शब्द बोलले नाहीत पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर थरथरत होता ते मला अजून आठवतं. म्हणून सांगतो, टॉर्च प्रत्येकाकडे हवा, मोबाईलचा नाही, वेगळा.

दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं आणि मुरमावर बूट सरकतात, तिथे सरळ उतरू नका, पाऊल आडवं टाका. बूट नवीन घेणार असाल तर महिनाभर आधी घ्या, नखं कापून जा, उतरताना अंगठा पुढे आपटून काळानिळा होतो. बाबांना काठी एक नाही दोन द्या. पाणी माणशी तीन लिटर. कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात, सेंट मारून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा तर अजिबात नको.

नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत वाघांबे, तीन तास तरी लागतात, म्हणून शक्यतो आदल्या रात्री त्या भागात मुक्काम करा आणि उजाडताच निघा. दुपारी एकला जिथे असाल तिथून परत फिरा. आणि वर गेल्यावर बाबांना १६७२ च्या लढाईचं नक्की सांगा, मोगलांना मराठ्यांनी उघड्या मैदानात हरवलं ते इथेच, याच गडाच्या पायथ्याच्या मुलखात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात आपल्या जिल्ह्यातला हा एकच आहे.

प्रश्न : १२ वर्षांच्या मुलीला जुलैत हरिहरला न्यायचंय, रविवारीच जमेल. हर्षेवाडी की निरगुडपाडा?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, हर्षेवाडी. चाल कमी आहे, मुलगी पायऱ्यांपाशी दमून पोचणार नाही. कारण कुठूनही आलात तरी शेवटी त्याच उभ्या पायऱ्या, आणि जायचं यायचं तिथूनच. पण जुलैतला रविवार मात्र नको, कळकळीने सांगतो. वरचे उतरतायत, खालचे चढतायत आणि मध्ये ओल्या कातळावर खोबणीत बोटं घालून लेकरू अर्धा तास उभं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक दिवस रजा काढा, किंवा ऑक्टोबरात जा. निघायच्या आधी वनखात्याने बंदी घातली नाहीये ना तेवढं विचारून घ्या. चढताना मुलगी पुढे, तुम्ही मागे. उतरताना तुम्ही आधी, ती तुमच्या वर दोन पायऱ्या, दोघींची तोंडं कड्याकडे, आणि सॅक तिच्या पाठीवर अजिबात नको.