पहिल्या मुक्कामी ट्रेकसाठी 60 लिटरची सॅक घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मैत्रिणींबरोबर हरिश्चंद्रगडावर एक रात्र राहायला जाताय, उंची 5 फूट 1 इंच आहे आणि सेलमध्ये 60 लिटरची सॅक निम्म्या किमतीत दिसतेय. ती घेऊ नका. एका रात्रीला 40 ते 45 लिटर भरपूर होतात.

सॅकमध्ये रिकामी जागा दिसली की ती भरली जाते. जास्तीचा स्वेटर, दुसरी चप्पल, चिवड्याचं आणखी एक पाकीट, सगळं आत जातं. माझी पहिली सॅक 65 लिटरची होती. राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाजाच्या वाटेने चढत होते, कॅरीमॅट सॅकच्या डोक्यावर आडवी बांधलेली. रेलिंगच्या टप्प्यावर सॅक मला मागे खेचत होती, आणि त्या ठेंगण्या दरवाजातून वाकून शिरताना मॅटची दोन्ही टोकं दगडाला अडकली. मागे रांग खोळंबली, हात थरथरत होते. घरी आल्यावर न वापरलेलं सामान काट्यावर ठेवलं, साडेचार किलो भरलं! तेव्हापासून मॅट मी उभी बांधते, आणि सॅकच्या कापडाबाहेर शक्यतो काहीच लोंबू देत नाही. करवंदीच्या जाळीतून जाताना लोंबणारी प्रत्येक गोष्ट अडकते.

म्हणून आधी सामान गोळा करा, सॅक सगळ्यात शेवटी घ्या. हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरात आणि कोकणकड्याजवळ गावकऱ्यांकडे जेवण मिळतं, तंबूही भाड्याने मिळतात. आधी फोन करून ठरवलंत तर तंबू, स्टोव्ह, टोप, शिधा यातलं काहीही पाठीवर न्यावं लागत नाही. उरतं काय? स्लीपिंग बॅग, मॅट, एक जाड जॅकेट (कड्यावरचा वारा रात्री हाडांत शिरतो), कानटोपी, कपड्यांचा एक जोड, टॉर्च, औषधं, थोडा खाऊ आणि तीन लिटर पाणी. पाण्याचेच तीन किलो होतात हे लक्षात ठेवा. हे सगळं घरी एका खोक्यात रचून बघा, म्हणजे सॅक केवढी लागेल ते डोळ्यांनाच दिसेल.

आता खरं महत्त्वाचं. लिटरपेक्षा पाठीची लांबी बघा. आपल्या उंचीच्या बायका बहुतेक वेळा इथेच फसतात, कारण दुकानात 'फ्री साइज' म्हणून जे देतात ते उंच पुरुषाच्या पाठीला बेतलेलं असतं. मान खाली घाला, मानेच्या बुडाशी जो मणका टोचतो तिथे टेपचं टोक धरायला सांगा. दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते तिथपर्यंत मोजा. माझी उंची 5 फूट 2 इंच, पाठ 41 सेंटीमीटर. सॅक याहून बरीच लांब असेल तर कंबरेचा पट्टा घसरून कुल्ल्यांवर जातो आणि सगळा भार खांद्यांवर येतो. खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतील अशी पाठ असलेली सॅक मिळाली तर फारच उत्तम.

कंबरेचा पट्टा जाड, गादीचा हवा. नुसती पातळ नायलॉनची पट्टी असलेली सॅक कॉलेजला ठीक आहे, मुक्कामाला नाही. तो हाडांवर घट्ट बसला की वजनाचा मोठा वाटा पाय उचलतात. यासाठीच सॅक दुकानात जाऊन घ्या. आत सात-आठ किलो वजन टाकायला सांगा आणि घालून पंधरा-वीस मिनिटं फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. आधी कंबर बांधायची, मग खांदे ओढायचे, छातीची पट्टी शेवटी. खांद्यावर बोट शिरत नसेल इतका दाब वाटला तर दुसरी बघा.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, पाणी आणि जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, जॅकेट आणि टॉर्च वरच्या कप्प्यात. तुम्ही पाचनईने जात असाल तर वाट सोपी आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीने जात असाल तर खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा आहे, तिथे जड सामान थोडं खाली असलेलं बरं, तोल जात नाही.

रेनकव्हर डिसेंबरातही न्या. रात्री दव पडतं आणि बाहेर राहिलेली सॅक सकाळी ओलीचिंब होते. पावसाळी ट्रेकला मात्र नुसत्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी झिरपतंच. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरा.

आणि घाईने विकत घ्यायचीच असं नाही. मुंबई-पुण्यात सॅक भाड्यानेही मिळते. हा ट्रेक तशीच एखादी नेऊन करा, पट्टा कुठे रुततो ते कळेल, मग जानेवारीत स्वतःची घ्या.