नोकरीसाठी वेल्डिंगची टेस्ट गलथानपणे घेतली, नापास केलं आणि आता परत बोलावलंय. जाऊ का?

जा. पण मागच्या वेळेसारखं गप्प बसायला जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आठला बोलावून दुपारी उभं केलं, रॉड उघड्या पाकिटातले, पाइप भलत्यानेच टॅक केलेला, म्हणजे ठिपके मारून तात्पुरता जोडलेला, आणि चार दिवसांनी फोनवर फक्त ‘बेंडमध्ये फेल’, म्हणजे वेल्ड वाकवून बघतात त्यात नापास. मी वडोदऱ्याचा, तिथल्या वाडी भागात वाढलो. तिथल्याच मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत माझीही पहिली टेस्ट अशीच झाली होती.

मे महिना, पत्र्याची शेड. सहा इंची शेड्यूल 80, म्हणजे जाड भिंतीचा पाइप, पोझिशन सिक्स-जी, म्हणजे 45 अंशांत तिरका बांधलेला, फिरवायचा नाही. रूट, म्हणजे सांध्याचा तळाचा पहिला थर, टिगने (आर्गॉन गॅसच्या आडोशात), वर सेव्हन्टी-एटीन रॉड. माणसं अकरा, मशीन दोन. डबा मी दहालाच संपवला होता आणि नंबर लागला तीनला. सुपरवायझर मनाने चांगला. ‘बहु गरमी छे’ म्हणत त्याने मोठा पेडेस्टल पंखा आमच्याकडे वळवला. मी वर त्याला थँक्यू म्हटलं! टिगच्या रूटवर पंख्याचा झोत आला की आर्गॉन उडतो, वितळलेल्या धातूला हवा लागते आणि पिनहोल पडतात, हे आयटीआयत घोकलेलं होतं. तरी तोंड उघडलं नाही, कारण थोड्या वेळापूर्वी एकाने रॉडच्या ओव्हनबद्दल विचारलं तेव्हा इंजिनिअरने त्याला गेट दाखवलं होतं. त्यात पाइपच्या खालच्या अंगाला, घड्याळातल्या सहाच्या जागी, दोन पाइपांमधला गॅप कमी, जेमतेम दीड मिलिमीटर. तोही तसाच घेतला. पाइपच्या चार पट्ट्या कापतात, दोन फेस बेंड (वेल्डची वरची बाजू ताणून), दोन रूट बेंड (तळाची बाजू ताणून). वाकवल्यावर 3 मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की संपलं. माझ्या दोन्ही रूटच्या पट्ट्या उघडल्या.

वर्षभर मी त्या कंपनीला शिव्या घातल्या. निम्म्या योग्यच होत्या. पण उशीर झाला, चहा मिळाला नाही, कोणी नीट बोललं नाही, हे वेल्डला कळत नाही. त्याला कळतो गॅस, रॉड, गॅप आणि करंट. या चार गोष्टींबद्दल आर्क मारायच्या आधी बोलायचं. नंतर बोललं की ती सबब वाटते. आता मी स्वतः टेस्ट घेणाऱ्यांत असतो म्हणून सांगतो, आधी विचारणाऱ्याचा राग येत नाही. येत असेल तिथे नोकरीतही हेच चालणार, असं समजा.

रॉडचं बघा. सेव्हन्टी-एटीन लो हायड्रोजन, पाकीट उघडं राहिलं की हवेतला ओलावा ओढतो. साधारण 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास बेक करून मग गरम ओव्हनमध्ये ठेवायचा असतो. ओला रॉड पोरोसिटी, म्हणजे वेल्डमध्ये बारीक छिद्रं, देतो, हायड्रोजनमुळे तडाही जाऊ शकतो. ‘रॉड बेक केलेत का?’ एवढंच विचारा आणि पोर्टेबल ओव्हनला हात लावून बघा. एका ठिकाणी मी झाकण उघडलं तर आत कुणाचा तरी थेपल्यांचा डबा गरम होत होता. रॉड बाहेर, टेबलावर.

पाइप दुसऱ्याने टॅक केला असेल तर ‘टॅक काढून मी जुळवतो’ म्हणा. ग्राइंडर मागा, गॅप स्वतः लावा. भंगाराच्या तुकड्यावर दोन मिनिटं करंट बघू द्या म्हणा. अर्थिंगचा क्लॅम्प गंजक्या टेबलावर लावलेला असेल आणि करंट नीट येत नसेल, तर तिथेच कळतं. आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्ड कसा करायचा हे लिहिलेला कागद, बघायला मागा. टेस्ट त्यावरच घ्यायची असते. तो नसेल तर तुमचं काय तपासताहेत, हे त्यांनाच ठाऊक नाही.

एक गोष्ट आधी फोनवर विचारून घ्या. टेस्ट एएसएमई सेक्शन नाइन या अमेरिकन वेल्डिंग कोडप्रमाणे असेल आणि बेंडमध्ये फेल झाल्यावर मध्ये जादा सराव न करता लगेच रीटेस्ट असेल, तर फेल झालेल्या पोझिशनला लागोपाठ दोन कूपन, म्हणजे टेस्टचे तुकडे, करावे लागतात आणि दोन्ही पास व्हावे लागतात. एकाच पाइपच्या तयारीने गेलात तर दुसऱ्याला हात थरथरतो. डबा मोठा न्या.

टेस्ट न देता परत निघायचं ते फक्त एका कारणासाठी. टेस्ट म्हणून समोर ठेवलेल्या तुकड्यावर जॉब नंबर असेल, नोझल-फ्लँज लागलेले असतील, तर ती टेस्ट नव्हे, फुकटची मजुरी. हेल्मेट उचला आणि निघा.

माझी रीटेस्ट त्याच शेडमध्ये झाली, दोन्ही कूपन पास. त्या दिवशीही सुपरवायझरने पंखा आमच्याकडे वळवला. मी उठून तो भिंतीकडे फिरवला आणि कारण सांगितलं. तो म्हणाला, ‘पहेलां कहेवुं हतुं ने!’