भंडाऱ्याच्या धुऱ्यावरचा चमकणारा दगड अंटार्क्टिकातल्या दगडाचा भाऊ आहे का?

दगड सारखा दिसला म्हणून नातं जुळत नाही, हे आधी सांगतो. तुम्हाला धुऱ्यावर सापडलेला अभ्रकाचा चमकता दगड बहुधा शिस्ट असावा, आणि तसा शिस्ट जगात कुठेही मिळतो. मातीचा थर खोल दबून तापला की तो तयार होतो.

नातं ठरतं ते वयावरून. अशा दबून-तापून बदललेल्या, म्हणजे रूपांतरित खडकात झिरकॉन या खनिजाचे बारीक कण असतात. त्यांतल्या युरेनियमचं ठरावीक वेगानं शिसं होत जातं, म्हणून दोघांचं प्रमाण मोजलं की तो कण कधी बनला ते कळतं. पुढे खडक पुन्हा तापला तर त्याच कणावर नवा थर चढतो, अगदी झाडाच्या वलयासारखा, आणि त्याचंही वय वेगळं मोजता येतं. शिवाय गार्नेटसारख्या खनिजांवरून खडक किती खोल आणि किती तापमानात होता याचा अंदाज बांधतात.

हे सगळं जुळलं ते ओडिशा-आंध्रातल्या पूर्व घाटाचं आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचं. दोन्हीकडे सुमारे १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड उष्णतेच्या खुणा आहेत. हे दोन्ही भाग एकेकाळी एकाच महाखंडात जोडलेले होते; भारत तिथून सुटला तो साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी.

आपल्या भागातल्या खडकांची जुळणी इतकी सरळ नाही. पण मँगनीजच्या खाणींजवळ मिळणाऱ्या गार्नेट-क्वार्ट्‌झच्या खडकाला जगभर ‘गोंडाइट’ म्हणतात, आणि त्या जुन्या महाखंडाचं नावही गोंडवनच. दोन्ही नावं गोंडांवरूनच आली.