‘सोलो’ अल्बम: एकट्याने की एकट्याचा?

प्रश्न असा आहे: वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपमधल्या रेक्वॉनच्या ‘ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स’बद्दल (१९९५) मराठीत लिहिताना ‘सोलो अल्बम’ला ‘एकल अल्बम’ म्हणावं का? आणि ज्यात ग्रुपमधली बहुतेक मंडळी येऊन गाऊन जातात, तो ‘एकल’ कसा?

प्रश्नाचा दुसरा भाग जास्त रंजक आहे, कारण या अल्बमच्या श्रोत्यांमधला जुना वाद नेमका तोच आहे. एक पक्ष म्हणतो, रेक्वॉन काय चीज आहे ते इथे कळलं. दुसरा म्हणतो, कसला सोलो, हा तर वू-टँगचाच पुढचा अल्बम, नाव तेवढं एकाचं. (पहिल्या कॅसेटच्या रंगावरून ‘जांभळी कॅसेट’ म्हणून दोन्ही पक्ष त्याला सारखेच ओवाळतात, ते सोडा.)

दुसऱ्या पक्षाकडे पुरावा भक्कम आहे. संगीत रिझाचं, म्हणजे ग्रुपच्या सूत्रधाराचं. बहुतेक गाण्यांत ग्रुपमधलाच घोस्टफेस किला हजर, आणि मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख चक्क ‘पाहुणा’ म्हणून. पाहुणा कसला, घरचाच की! त्याच वर्षी आलेल्या, ग्रुपमधल्याच जीझाच्या ‘लिक्विड सोर्ड्स’मध्ये तर ग्रुपचे सगळेच्या सगळे गडी कुठे ना कुठे ऐकू येतात.

आता शब्दांकडे. ‘एकल’ हा ‘एकटा’चा तत्सम भाऊ, पण त्यात एकटेपणाची कळ नाही, म्हणून ‘एकल पालक’ ठीक वाटतं आणि ‘एकटा पालक’ बिचारा वाटतो. गाण्यात मात्र ‘एकल गायन’ म्हटलं की समोर समूहगायन उभं राहतं आणि आपण डोकी मोजू लागतो. मी आधी याच कारणासाठी ‘एकल’वर फुली मारणार होतो. मग तबला आठवला. एकल तबलावादनात, म्हणजे ज्याला तबलजी सरळ ‘सोलो’ म्हणतात त्यात, शेजारी हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी तीच ती सुरावट, धरणारा असतोच. तो नसेल तर आवर्तन तोलायचं कशावर? तरीही मैफल कोणाची, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. म्हणजे आपल्याकडेही ‘एकल’ डोकी मोजत नाही, मानकरी कोण ते सांगतो.

माझ्या मते हा सगळा वाद मराठी विभक्तीने चुटकीसरशी सुटतो. ‘एकट्याने केलेला’ ही तृतीया, ‘एकट्याचा’ ही षष्ठी. कुरकुरणारा श्रोता ‘सोलो’ हा शब्द तृतीयेत ऐकतो. अल्बमवरचं नाव षष्ठीत बोलत असतं. रेक्वॉनने तो एकट्याने केला नाही. पण तो रेक्वॉनचा आहे: कथा त्याची, बोली त्याची, करारही त्याच्या नावाचा. वू-टँगने लाउड या कंपनीशी करार करतानाच प्रत्येकाला हवं तिथे स्वतःच्या नावाने सही करायची मुभा राखून ठेवली होती. म्हणून मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, जीझा गेफनकडे, आणि रेक्वॉन लाउडकडेच राहिला.

‘स्वतंत्र अल्बम’ मात्र टाळावा. त्यातून एक तर मोठ्या कंपनीशिवाय काढलेला असा अर्थ निघतो, नाहीतर ग्रुप सोडल्याचा वास येतो. ग्रुप खरोखर सोडला तो आइस क्यूबने. १९८९ मध्ये तो एन. डब्ल्यू. ए. या रॅप ग्रुपमधून बाहेर पडला आणि १९९० मध्ये स्वतःचा अल्बम घेऊन आला. त्याला आपल्याकडे ‘सवता सुभा’ हा नेमका शब्द आहे. गंमत म्हणजे सुभा सवता असला तरी संगीताला त्याने पब्लिक एनिमी या दुसऱ्या रॅप ग्रुपची संगीतकार टोळी ‘बॉम्ब स्क्वॉड’ घेतली. आउटकास्ट या रॅपर जोडीचं त्याहून उलटं: २००३ मध्ये दोघांनी एकेक अल्बम केला आणि दोन्ही ग्रुपच्याच नावाने एकत्र काढले. एकाच घरात दोन चुली.

कुणी ‘एकांडा शिलेदार’ सुचवेल, दिसायलाही रुबाबदार आहे. पण शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा. सरकारी पागेतला घोडा घेणारा तो बारगीर. वू-टँगवाल्यांच्या सोलो अल्बमांच्या त्या पहिल्या फेरीत घोडे जवळजवळ सगळे रिझाच्या पागेतले! तेव्हा शब्द काटेकोर वापरायचा तर हे सगळे बारगीर ठरतील आणि चाहते अंगावर येतील. ‘एकेरी’ टेनिससाठी राहू द्या. अल्बमच्या चर्चेत लोक तसेही एकेरीवर येतातच.

तर: बोलताना ‘सोलो’ खुशाल म्हणा, तो मराठीत रुळला आहे. लिहिताना ‘रेक्वॉनचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम’ असं लिहा. लांब आहे, पण चूक नाही. मथळ्यात जागा नसेल तर ‘एकल’ चालेल. आणि दुसऱ्याच्या अल्बमवर पाहुणा म्हणून गाण्याला जे ‘फीचरिंग’ म्हणतात, त्यासाठी ‘साथ’ नको. साथ करणारा मुख्य गायकाच्या मागे राहतो. घोस्टफेस त्या अल्बमवर एकदाही मागे राहिलेला नाही.