सही शिकवलीस, आता कागदही वाचून दाखव

प्रश्न: ताई, मी सांगलीची, वय २४. पुण्यात दोन वर्षे नोकरी केल्यानंतर मला सप्टेंबर २०२६ साठी ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात डेटा सायन्सच्या एक वर्षाच्या एमएससीला प्रवेश मिळाला आहे. ३५ लाखांच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तत्त्वतः मंजुरी दिली असून ते मी दहा वर्षांत फेडेन. शिक्षणानंतर तिथे दोन वर्षे नोकरी करता येते, त्यामुळे ती चिंता नाही. अडचण बाबांची आहे. ते २०२८ मध्ये निवृत्त होणार असल्याने घाबरतात, ‘जर्मनीचे बघ’ एवढेच म्हणून विषय टाळतात. घर आजीच्या नावावर असल्यामुळे तारणासाठी तिला एकदा बँकेत न्यावे लागेल, पण ती नाही म्हणणार नाही. सही तर मी चौथीत असताना मीच तिला शिकवली आहे. आजोबांनंतर आत्यांनी आजीच्या नावे हक्कसोडपत्र केल्यामुळे तिकडूनही काही अडचण नाही. बाबांना कसे पटवू?

उत्तर: तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा बाबांपाशी न थांबता आजीपाशी थांबले. तुझ्या पत्रात तिला एकच काम आहे, ते म्हणजे सही करणे. तिला वाचता येते की नाही हे तू लिहिलेले नाहीस, परंतु जिला उतारवयात नातीकडून सही शिकावी लागली, तिला बँकेचा इंग्रजी करारनामा वाचता येत नसणार, हे समजायला मला फार डोके चालवावे लागले नाही. चौथीतल्या मुलीने पाटीवर आजीचा हात धरून अक्षरे गिरवून घ्यावीत, ही गोष्ट मला फार आवडली आणि म्हणूनच पुढचे वाक्य वाचून राग आला. ‘ती नाही म्हणणार नाही’ असे तू लिहितेस, पण तिला कुणी काही विचारले आहे का, हे मात्र लिहीत नाहीस.

ती सही कशावर होणार आहे, ते आधी तू स्वतः समजून घे. घर तारण देणाऱ्या व्यक्तीला बँका बहुधा जामीनदारही करून घेतात, आणि करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे त्या कागदापुरती आजी तुझ्या बरोबरीची देणेकरी होईल. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे थकीत (एनपीए) ठरते, त्यानंतर बँकांच्या कर्जवसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघू शकते, आणि तेवढ्या मुदतीत पैसे भरले गेले नाहीत तर न्यायालयात दावा न लावताही बँकेला गहाण घराचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. अशी नोटीस घरमालकिणीच्या नावाने सांगलीच्या दारावर येते, आणि त्या दिवशी ती वाचून दाखवायला तू घरी नसशील, लीड्समध्ये असशील.

आता तुझा हिशेब. व्याज दहा टक्के धरले आणि शिक्षणाचे एक वर्ष व त्यानंतरची एक वर्षाची सवलत या काळात काहीच भरले नाही, तर ३५ लाखांवर सरळव्याजाने सुमारे सात लाख चढतात. ४२ लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या घरात जातो. तो साधारण २०२८ च्या शरद ऋतूत सुरू होईल, म्हणजे ज्या वर्षी बाबांचा पगार थांबणार आहे त्याच वर्षी. नोकरीच्या दोन वर्षांचे म्हणशील, तर ब्रिटनच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी, पीएचडीवाले वगळता, दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर आणलेली आहे, आणि तुझा अर्ज त्या तारखेनंतरच जाणार आहे. त्यामुळे पहिला हप्ता येईल तेव्हा तुझ्या हाती त्या व्हिसाचे वर्षभरही उरलेले नसेल. पुढे राहायचे तर कुशल कामगार व्हिसा लागतो, आणि त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवपदवीधरांना त्यात सवलत आहे, पण तो व्हिसा देऊ शकणारा मालक सापडावा लागतो. हे सगळे तुला जमेल, कदाचित सहज जमेल. मात्र जमले नाही तर किंमत कुणी मोजायची, हे तू आजीच्या वतीने परस्पर ठरवून टाकले आहेस.

बाबांना घाबरट ठरवणेही मला पटलेले नाही. जर्मनीत बहुतेक राज्यांतली सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, आणि व्हिसासाठी वर्षाकाठी जे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात, ते दरमहा थोडेथोडे करून विद्यार्थ्याच्याच हाती परत येतात. ‘जर्मनीचे बघ’ याचा अर्थ बहुधा ‘घर गहाण न टाकता जमते का ते बघ’ एवढाच असावा. तो त्यांनी तुला उघड सांगितला नाही आणि आपल्या आईलाही सावध केले नाही, यासाठी मी त्यांना शाबासकी देणार नाही. पण लीड्स चांगले की जर्मनी, या वादात मला आज पडायचे नाही. तो या पत्राचा प्रश्नच नाही.

आत्यांचा उल्लेखही तू ओझरता केला आहेस. आजोबांच्या पश्चात त्या घरात त्यांचा वाटा होता आणि तो त्यांनी आईसाठी सोडला. आईच्या डोक्यावर हक्काचे छप्पर राहावे म्हणून सोडलेला तो वाटा आता तुझ्या कर्जाला तारण म्हणून जाणार आहे. कायद्याने त्यांची हरकत चालणार नाही म्हणून त्यांना विचारायचेही नाही, असा अर्थ तू काढलास, आणि घरातल्या मोठ्यांपैकी कुणी तुला अडवले नाही.

म्हणून बाबांना पटवायचे काम आजपासून बंद कर आणि येत्या रविवारी आजीजवळ जाऊन बस. बाबांना समोर बसव, आत्यांना बोलावून घे. करारनाम्याचा मसुदा बँकेकडून आधीच मागून आण आणि त्यातले प्रत्येक कलम आजीला तिच्या भाषेत सांग. कर्ज किती, हप्ता किती, तो कधी सुरू होणार आणि थकला तर घराचे काय होऊ शकते, हे आकडे न चोरता सांग. हे चालू असताना ‘काही होत नाही गं आजी’ हे वाक्य एकदाही उच्चारायचे नाही. त्यानंतर तिला आठ दिवस दे आणि त्या आठ दिवसांत घरात लीड्सचे नाव काढू नकोस. ती नाही म्हणाली तर तो नकार अंतिम मान. रडून, रुसून किंवा आत्यांकरवी तो बदलून घेऊ नकोस, आणि त्याच संध्याकाळी विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का ते विचार.

ती हो म्हणाली तर बँकेत जायच्या दिवशी, रिक्षा दाराशी उभी असताना, तिला एकदा विचार, ‘आजी, आपण कशाला चाललोय?’ तिने तिच्या शब्दांत, घर आणि हप्ता या दोन्ही गोष्टींसह नीट सांगितले, तरच रिक्षावाल्याला बँकेचा पत्ता दे.