निगेटिव्ह रिपोर्टवरची तारीख बघा

एचआयव्हीच्या तपासणीबद्दल आलेली काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, गावंही नाहीत, फक्त जिल्हे.

प्रश्न : मी ट्रकवर असतो. तीन आठवड्यांपूर्वी बाहेर संबंध आला, निरोध नव्हता. भीतीपोटी नवव्या दिवशीच खासगी लॅबमध्ये बोटातून रक्त देऊन तपासलं. निगेटिव्ह आलं. आता चार दिवस झाले ताप आहे, घसा दुखतो, अंगावर पुरळ आहे. काय समजू? (लातूर)

नवव्या दिवसाचा तो रिपोर्ट बाजूला ठेवा. संबंध कधी आला एवढं लॅबवाल्याने विचारलं असतं, तरी तुमचे पैसे वाचले असते.

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले साधारण दहा दिवस तो कुठल्याच तपासणीला सापडत नाही. मग रक्तात आधी त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, दिसू लागतो, काही दिवसांनी पी-२४ नावाचं त्याचं प्रथिन, आणि शेवटी आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीज. बोटातला थेंब पट्टीवर टाकून होणारी झटपट तपासणी बहुधा या अँटिबॉडीजच शोधते. तिच्यात लागण दिसायला २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतून रक्त घेऊन होणारी ‘कॉम्बो’ किंवा ‘फोर्थ जनरेशन’ तपासणी पी-२४ही पकडते, म्हणून तिला १८ ते ४५ दिवस पुरतात. आरएनए शोधणारी नॅट तपासणी १० ते ३३ दिवसांत सांगते. पण ती महाग आहे, सगळीकडे होत नाही, आणि निगेटिव्ह आली तरी पुढची तपासणी करावीच लागते. मधल्या या आंधळ्या दिवसांना विंडो पिरियड म्हणतात.

आता तापाचं. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी असं होऊ शकतं. पण ताप आणि पुरळ डेंग्यूतही येतं. उलट कित्येकांना लागण होऊनही साधी कणकणसुद्धा येत नाही. त्यामुळे नुसत्या तापावरून काहीच ठरत नाही. डॉक्टरांना तो संबंध आणि त्याची तारीख दोन्ही सांगा. जीभ रेटत नाही, मान्य आहे; पण ‘ताप आहे’ एवढंच सांगितलंत तर सलाइन लावून घरी पाठवतील.

शिरेतल्या रक्ताची कॉम्बो तपासणी आत्ता करा आणि ४५ दिवस उलटल्यावर पुन्हा करा. झटपट किटवर करणार असाल, तर तीन महिने पूर्ण झाल्यावरचा निगेटिव्ह रिपोर्टच शेवटचा माना. तोवर घरीही निरोध वापरा. लागणीच्या सुरुवातीला रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतात, आणि नेमकं तेव्हाच माणसाला आपल्याला काही झालंय हे माहीत नसतं.

प्रश्न : रक्तदान शिबिरात एचआयव्हीची तपासणी फुकट होते म्हणे. तिथेच रक्त देऊन खात्री करून घेतली तर? (जालना)

अजिबात नको. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी चढतं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रातही, तपासणी फुकटच होते, आणि तिथे समुपदेशक असतो. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

प्रश्न : मी नर्स आहे. काल रात्री पेशंटची सुई बोटात घुसली. पेशंट पॉझिटिव्ह असल्याचं नंतर कळलं. (परभणी)

ताई, हे छापून येईपर्यंत तुमची मुदत संपलेली असणार, म्हणून तुम्हाला लगेच कळवलं आहे. इथे लिहितोय ते तुमच्या मैत्रिणींसाठी. बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि ड्युटी संपायची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. प्रतिबंधक गोळ्या, म्हणजे पीईपी, काही तासांत सुरू झाल्या तर उत्तम. ७२ तासांनंतर उपयोग होत नाही. कोर्स २८ दिवसांचा. त्याच दिवशी स्वतःचं रक्तही तपासून ठेवायचं. ते निगेटिव्ह आलं तर लागण आधीची नव्हती याचा तो पुरावा. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही विसरू नका. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीलाही हीच ७२ तासांची मुदत लागू आहे.

प्रश्न : आरोग्य केंद्रात पोटुशी बहिणीची एका पट्टीवर तपासणी झाली, पॉझिटिव्ह सांगितलं. घरात रडारड चालू आहे. (हिंगोली)

एका पट्टीवर निदान होत नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. मात्र उद्याच न्या. खरंच पॉझिटिव्ह असली तर लगेच औषधं सुरू केल्याने बाळ लागणीपासून वाचू शकतं. आणि तिच्या संमतीशिवाय ही गोष्ट भावकीत जाऊ देऊ नका. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने तो तिचा हक्क आहे.

प्रश्न : मी पॉझिटिव्ह आहे, गोळ्या चालू आहेत. बाळ महिन्याचं झालं. दसऱ्यानंतर आम्ही उसाला जाणार. बाळाची तपासणी आल्यावर केली तर चालेल का? (बीड)

नाही, बाई. पहिली तपासणी सहाव्या आठवड्यालाच करायची. तुमच्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून मोठ्यांची पट्टी त्याला चालत नाही. ती पॉझिटिव्ह आली तरी बाळाला लागण आहेच असं नसतं. त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घेतात, वाळवतात आणि लॅबला पाठवतात. तिथे थेट विषाणू शोधतात. पुढे सहा महिने, बारा महिने आणि अठराव्या महिन्याला पुन्हा. लागण झालेल्या तान्ह्या बाळाची तब्येत फार झपाट्याने ढासळते. फडातून परत येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नसतो.

निघण्याआधी एआरटी केंद्रात, म्हणजे तुमच्या गोळ्या मिळतात तिथे, कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का विचारा आणि तिकडच्या केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. बाळाला दिलेलं औषध ठरल्या दिवसांपर्यंत पाजा, तुमचीही गोळी एक दिवस चुकवू नका. मुकादमाला कारण सांगायची गरज नाही. ‘बाळाची लस आहे’ म्हणा आणि सुट्टी घ्या.